घामाचा वास जात नाही? वयात येणाऱ्या मुलामुलींसाठी काय, कधी आणि कोणत्या क्रमाने करायचं

सहावी-सातवीच्या सुमारास मुलांच्या शर्टाला अचानक उग्र, कांद्यासारखा वास यायला लागतो आणि घरोघरी पहिला उपाय एकच होतो: एक स्प्रे आणून हातात द्यायचा. दोन दिवस बरं वाटतं. मग घाम आणि स्प्रे मिळून असा काही वास तयार होतो की आधीचा बरा होता म्हणायची वेळ येते. स्प्रे वाईट नाही, पण तो सगळ्यात शेवटी यायला हवा. त्याआधीचे चार-पाच टप्पे गाळले तर कितीही महागडा स्प्रे आणा, पैसे वाया जाणार.

आधी एवढंच समजून घ्या. ताज्या घामाला जवळजवळ वास नसतो. अंगभर येणारा घाम म्हणजे पाणी आणि मीठ. काखेत आणि जांघेत मात्र वेगळ्या ग्रंथी असतात, त्या वयात येताना जाग्या होतात आणि त्यांच्या दाटसर घामात चरबी आणि प्रथिनं असतात. त्वचेवरचे जिवाणू त्यावर पोसले जातात, तेव्हा वास तयार होतो. म्हणून सांभाळायच्या गोष्टी तीन: साचलेला जुना घाम, ओल आणि कपडा. पुढचे सगळे टप्पे या तिघांभोवतीच फिरतात.

टप्पा १ : वास नक्की कुठून येतोय ते शोधा

हा टप्पा कोणी करत नाही. ‘अंगाला वास येतो’ असं धरून सगळे अंगाच्याच मागे लागतात. प्रत्यक्षात बऱ्याचदा वास कपड्यात किंवा बुटात असतो.

संध्याकाळी मूल घरी आल्यावर शर्टाची बगल, बनियन, मोजे, बूट, दप्तराचे पट्टे आणि उशीचा अभ्रा वेगवेगळे हुंगून बघा. वासावरूनच बरंच कळतं.

- कांद्यासारखा किंवा आंबूस उग्र वास: काख, किंवा शर्टाची बगल
- शिळ्या चीझसारखा, व्हिनेगरसारखा: पाय आणि बूट
- कुबट, ओलसर: नीट न वाळलेले कपडे किंवा टॉवेल
- खवट तेलासारखा: डोकं, उशी, हेल्मेट

दुसरी परीक्षा इस्त्रीची. धुतलेला, वाळलेला शर्ट घ्या आणि बगलेवरून गरम इस्त्री फिरवा. कपडा तापला की आंबूस वास वर आला, तर तो शर्ट धुतलेला दिसतो, पण धुतला गेलेला नाही. असा शर्ट अंगात घालून मूल शाळेपर्यंत चालत गेलं की अंगाच्या उष्णतेने तेच होतं. मग सकाळी अंघोळ करूनही पहिल्या तासाला वास येतो आणि बिचाऱ्याला ‘तू अंघोळ करत नाहीस का?’ ऐकावं लागतं.

सावध : ‘तुला स्वतःला कळत नाही का?’ असं विचारू नका. खरंच कळत नाही. सतत सोबत असलेल्या वासाला नाक सरावतं, मोठ्यांचंही.

टप्पा २ : बोलायचं कसं

सामान आणण्याआधी बोलणं व्हायला हवं. नाहीतर टेबलावर गुपचूप ठेवलेला रोल-ऑन हा टोमणाच वाटतो.

कोणी बोलायचं? मूल ज्याच्याशी मोकळं असेल त्याने. मुलीशी आईने आणि मुलाशी बाबांनीच बोलावं असं काही नाही. कित्येक घरांत हे काम मावशी किंवा मोठा चुलतभाऊ जास्त चांगलं करतो. वेळ शाळेला निघायची नको आणि जेवायची तर नकोच. दोघंच असताना, शक्यतो काहीतरी करता करता, म्हणजे स्कूटरवरून येताना किंवा कपडे वाळत घालताना बोला. डोळ्याला डोळा न भिडवता बोललं की अवघड विषय सोपा जातो.

वाक्यं कमी ठेवा. ‘अरे, आता तुझ्या वयात घाम बदलतो, सगळ्यांचाच बदलतो. माझाही बदलला होता. थोडी वेगळी काळजी लागते, ती मी तुला दाखवते.’ बास. स्वच्छतेवर प्रवचन नको. ‘घाणेरडा’, ‘शी’ आणि बहीण-भावाशी तुलना तर अजिबात नको. भावंडांसमोर, पाहुण्यांसमोर, आत्याच्या फोनवर हा विषय काढायचा नाही.

शाळेत कोणी चिडवत असेल तर तो वेगळा प्रश्न आहे. तो घामाच्या उपायांत मिसळू नका, वर्गशिक्षकांशी वेगळं बोला.

तपासा : बोलणं झाल्यावर मुलाला ‘मी वाईट आहे’ असं वाटतंय की ‘मला काय करायचं ते कळलं’ असं? पहिलं वाटत असेल तर दोन दिवस थांबा आणि मगच पुढे जा.

टप्पा ३ : सामान एकदाच जमवा

अर्धवट तयारीने सुरुवात केली की चौथ्या दिवशी ‘मोजे ओले होते म्हणून कालचेच घातले’ होतं. हे सगळं आधी जमवा:

१. गणवेशाचे किमान दोन शर्ट, शक्य असेल तर तीन
२. सुती बनियन किंवा स्लिप, आठवड्याला पुरतील इतक्या
३. सुती मोज्यांचे पाच-सहा जोड
४. फक्त त्या मुलाचा असा टॉवेल किंवा पंचा. पातळ पंचा लवकर वाळतो, म्हणून जाड टॉवेलपेक्षा बरा
५. साधा अंगाचा साबण
६. अँटिपर्स्पिरंट, शक्यतो रोल-ऑन
७. मळके कपडे टाकायला जाळीची टोपली. झाकणाची बादली नको

अँटिपर्स्पिरंट घेताना डबीच्या मागचा बारीक मजकूर वाचा. ‘ॲल्युमिनियम क्लोरोहायड्रेट’ किंवा तत्सम ॲल्युमिनियमचा क्षार दिसला तर ते घाम कमी करणारं आहे. दिसला नाही तर ते डिओडरंट किंवा नुसता बॉडी स्प्रे. त्याने जिवाणू थोडे कमी होतील किंवा वास झाकला जाईल, घाम तेवढाच येत राहील. आपल्याकडे दुकानात मुलांसाठी म्हणून मांडलेल्या बऱ्याचशा बाटल्या या दुसऱ्या प्रकारच्या असतात, आणि जाहिराती बघून मुलं तीच मागतात.

पैसे बेताचे असतील तर क्रम असा लावा: आधी बनियन आणि मोजे, मग गणवेशाचा जादा शर्ट, मग रोल-ऑन. स्प्रे यादीत नसला तरी चालेल.

टप्पा ४ : अंघोळ

तेरा वर्षांच्या मुलाला अंघोळ शिकवायची का? हो. लहानपणी तुम्ही घातलेली अंघोळ आणि त्याने स्वतः चार तांबे ओतून केलेली अंघोळ यात फार फरक असतो. पाणी डोक्यावरून येतं, छातीवर साबण फिरतो, काख तशीच राहते.

क्रम सांगा. अंग ओलं केल्यावर साबण हातावर घेऊन फेस करायचा आणि तो फेस हाताने काखेत चोळायचा, एका काखेला वीस-तीस सेकंद. साबणाची वडी नुसती काखेतून ओढली तर केसांवरच राहते, कातडीपर्यंत पोहोचत नाही. मग जांघा, पार्श्वभाग, कानामागे, बेंबी. शेवटी पाय, आणि पायाच्या प्रत्येक दोन बोटांमध्ये बोट घालून. पाणी नुसतं वाहत गेलं म्हणजे पाय धुतले असं नाही. धुताना साबण पूर्ण निघेपर्यंत पाणी घ्यायचं, कारण घडीत राहिलेला साबण खाज आणतो.

मुलांना हेही सांगावं लागतं की शिश्नाची पुढची त्वचा सहज जेवढी मागे जाते तेवढीच मागे घेऊन साध्या पाण्याने धुवायची, जोर करायचा नाही. मुलींना हे, की बाहेरचा भाग पाण्याने धुवायचा, योनीच्या आत साबण किंवा सुगंधी वॉश घालायचा नाही. पाळीत पॅड साधारण चार ते सहा तासांनी बदलायचं, रक्तस्राव कमी असला तरी.

कधी करायची, यावर घरात वाद होतात. आपल्याकडे सकाळची अंघोळ म्हणजे नियमच, पण मैदानावरून किंवा क्लासवरून आल्यानंतरची अंघोळ जास्त कामाची. दिवसभराचा घाम रात्रभर अंगावर ठेवून झोपलं की जिवाणूंना आठ तासांची मेजवानी, शिवाय तो वास अंथरुणात उतरतो. दोनदा पाणी मिळत असेल तर दोनदा करा. एकदाच मिळत असेल तर अंघोळ संध्याकाळी, आणि सकाळी काखा, जांघा, पाय, तोंड एवढं साबणाने धुवून घ्यायचं. उन्हाळ्यात जिथे टँकरची वाट बघावी लागते तिथेही अर्ध्या बादलीत एवढं सहज होतं.

इथे होणाऱ्या चुका:

- अँटिसेप्टिक द्रावण पाणी न घालता थेट काखेत लावणं. कातडी भाजते, काळी पडते.
- वजरीने किंवा खरखरीत घासणीने काख घासणं. घासून वास जात नाही, त्वचा सोलवटते आणि नंतर काहीही लावलं तरी झोंबतं.
- बेसन किंवा उटणं काखेत आणि जांघेत लावणं. अंगाला हरकत नाही, पण घडीत कण अडकून राहतात.
- भावंडांत एकच अंग घासायची जाळी, तीही कायम ओली.

तपासा : अंघोळीनंतर कोरडा टिश्यू किंवा स्वच्छ रुमाल काखेत दाबून हुंगायला सांगा. वास आला तर साबण तिथे पोहोचलेला नाही.

टप्पा ५ : कोरडं होणं

सगळ्यात जास्त गाळला जाणारा टप्पा हाच. साडेसहाची रिक्षा गाठायची असते, अंग ओलं असतानाच बनियन चढते आणि मोजे तर ओल्या पायांवर ओढले जातात. कोकणात, मुंबईत हवेतच इतका दमटपणा असतो की ती ओल दुपारपर्यंत अंगावर राहते. नागपूरकडच्या कोरड्या उन्हात एक वेळ चालून जाईल, पण बुटाच्या आत विदर्भ काय आणि रत्नागिरी काय, हवा सारखीच.

पंचा घासू नका, दाबून टिपा. काखा, जांघा, छातीखालची घडी, पायाची बोटं. मग हात वर करून दोन-तीन मिनिटं पंख्याखाली. या वेळात केस विंचरता येतात, घड्याळ घालता येतं, वेळ वाया जात नाही. मुलींच्या केसांचंही तेच. ओल्या केसांच्या घट्ट वेण्या घातल्या की संध्याकाळी सोडताना डोक्याला कुबट वास येतो आणि मग शाम्पू बदलायची चर्चा सुरू होते.

ओला टॉवेल दाराच्या कडीवर, खुर्चीच्या पाठीवर किंवा पलंगावर गोळा करून ठेवायचा नाही. दोरीवर पूर्ण पसरून वाळवायचा, आणि दोन-तीन दिवसांनी गरम पाण्यात धुवायचा.

टप्पा ६ : अँटिपर्स्पिरंट रात्री लावायचं

बहुतेक लोक सकाळी, घाईत, ओल्या काखेत लावतात आणि ‘याचा काही उपयोग नाही’ म्हणून बाटली बाजूला ठेवतात. ॲल्युमिनियमचा क्षार घामनलिकेच्या तोंडाशी बारीक बूच बसवतो. ते बसायला घाम कमी असलेली, कोरडी कातडी लागते, म्हणजे रात्र. एकदा बसलं की सकाळच्या अंघोळीने ते निघत नाही.

१. रात्री झोपण्यापूर्वी काख पूर्ण कोरडी असू द्या. संध्याकाळची अंघोळ होऊन तासभर झाला असेल तर उत्तम.
२. रोल-ऑन दोन-तीन वेळा फिरवा. जास्त थापून फायदा नाही, शर्ट तेवढा पिवळा होतो.
३. वाळल्यावरच कपडे घाला.
४. पहिला आठवडा रोज रात्री. फरक पडायला तीन-चार दिवस लागतात, आधी निकाल देऊ नका.
५. फरक पडला की एक दिवसाआड.

सकाळी हवं असेल तर वर साधं डिओडरंट चालेल. ते कोरड्या काखेत लावायचं, शर्टावर नाही.

सावध : काखेचे केस काढले त्या दिवशी लावायचं नाही, झोंबतं. लाल झालं, पुरळ आलं तर थांबा आणि बरं झाल्यावर बिनवासाचा प्रकार वापरून बघा. मूत्रपिंडाचा मोठा आजार असलेल्या मुलाला डॉक्टरांना विचारूनच. स्प्रे असेल तर देवघरातल्या समईजवळ किंवा गॅसजवळ मारायचा नाही, आणि दार बंद करून बाथरूममध्ये ढगभर मारायचा नाही. दमा असलेल्या मुलांना त्याने धाप लागू शकते.

‘घाम अडवला तर शरीरातली विषं आत राहतील’ ही भीती सोडा. ते काम यकृत आणि मूत्रपिंडं करतात, काख नाही. अशा रोल-ऑनने कर्करोग होतो याचाही ठोस पुरावा सापडलेला नाही. गंमत म्हणजे ॲल्युमिनियमच्या भीतीने रोल-ऑन नाकारणारे लोक तुरटी मात्र बिनधास्त फिरवतात, आणि तुरटी हासुद्धा ॲल्युमिनियमचाच क्षार. तुरटी वाईट नाही. अंघोळीनंतर ओल्या काखेवरून हलक्या हाताने एकदा फिरवली आणि वाळू दिली तर वास कमी होतो, खर्चही नाही. घाम मात्र तिने फारसा थांबत नाही.

लिंबू आणि खायचा सोडा मात्र काखेपासून लांब ठेवा. लिंबाचा रस लागलेल्या कातडीवर ऊन पडलं तर ती भाजल्यासारखी होऊन काळे डाग राहतात. सोडा त्वचेच्या नैसर्गिक आम्लतेच्या उलट, त्यामुळे काही दिवसांत आग व्हायला लागते.

काखेचे केस काढायलाच हवेत असं नाही. कात्रीने किंवा ट्रिमरने बारीक केले तरी पुरे. साबण पोहोचतो आणि घाम अडकत नाही. ते मुलाने किंवा मुलीने स्वतः ठरवावं.

टप्पा ७ : कपडे

इथे थोडं थांबा, कारण टप्पा १ मध्ये इस्त्रीच्या परीक्षेत नापास झालेले शर्ट इथेच सुटणार आहेत.

गणवेश बहुतेक टेरीकॉटचा असतो. त्यातला पॉलिस्टरचा धागा पाणी शोषत नाही, पण घामातले तेलकट अंश धरून ठेवतो. सुती बनियन आत घातली की हा घाम आधी तिच्यात जातो आणि शर्ट वाचतो. उन्हाळ्यात ‘अजून एक कपडा कशाला’ म्हणून मुलं बनियन टाळतात. पातळ, बाह्या असलेली सुती बनियन द्या, काखेपर्यंत कापड पोहोचलं पाहिजे. बिनबाह्यांची बनियन इथे काही कामाची नाही.

रोजचा क्रम:

१. घरी आल्यावर शर्ट उलटा करून दोरीवर किंवा हँगरवर टाका. ओला घामट शर्ट गोळा करून बादलीत कोंबला की दुसऱ्या दिवशी धुवेपर्यंत वास पक्का होतो.
२. धुण्याआधी बगलेवर पाणी घेऊन साबण किंवा द्रवरूप डिटर्जंट चोळा, पंधरा मिनिटं ठेवा.
३. कपडा उलटाच धुवा. मशीन ठासून भरू नका, आणि पंधरा-वीस मिनिटांच्या झटपट धुलाईने हे कपडे निघत नाहीत.
४. उलटाच उन्हात वाळवा.

कपडा मऊ करणारं सुगंधी द्रावण या कपड्यांना वापरू नका. त्याचा थर धाग्यावर बसतो, त्याखाली घाणीचा थर तसाच राहतो आणि पुढच्या वेळी पाणी आतपर्यंत जात नाही.

वास बसलेल्या जुन्या शर्टासाठी एकदा हे करा. एक वाटी पांढरं व्हिनेगर आणि चार वाट्या पाणी, त्यात शर्टाची बगल अर्धा तास बुडवून ठेवा, स्वच्छ पाण्याने खळबळा, मग नेहमीसारखा धुवा. सुती बनियन आणि मोजे असतील तर लेबल परवानगी देत असेल तेवढ्या कडक पाण्यात भिजवा. नंतर पुन्हा इस्त्रीची परीक्षा घ्या. दोनदा करूनही वास उठत असेल तर तो शर्ट घरी रंगपंचमीला ठेवा, त्याच्यावर आणखी मेहनत नको.

सावध : व्हिनेगर आणि ब्लीच कधीही एकत्र नाही, आणि एकापाठोपाठही नाही. त्यातून विषारी वायू निघतो. बगलेतले पिवळे डाग घालवायला पांढऱ्या शर्टावर क्लोरिन ब्लीच ओतण्याचा मोह होतो, पण त्याने कित्येकदा डाग आणखी पिवळा होतो.

पावसाळ्यात वेगळी व्यवस्था लागते. कपडे घरात वाळवताना दोन कपड्यांत वीतभर अंतर ठेवा आणि खाली पंखा लावा. मशीन असेल तर पाणी काढण्याची फेरी दोनदा द्या. ओलसर गणवेश सकाळी इस्त्रीने ‘वाळवला’ की वरून कोरडा वाटतो, शिवणीत ओल राहते, आणि वर्गात बसल्यावर कुबट वास येतो. त्यापेक्षा आदल्या दिवशीचा पण न भिजलेला शर्ट बरा. मशीन वापरत असाल तर महिन्यातून एकदा रिकामी मशीन गरम पाण्यावर चालवा आणि दाराच्या रबराच्या घडीत बोट फिरवून बघा. काय निघतं ते बघून आपोआप पुढच्या महिन्याची आठवण राहील.

टप्पा ८ : पाय आणि बूट

पायाचा वास काखेपेक्षा चिवट, कारण बूट धुतला जात नाही. काळे बूट सकाळी सात ते दुपारी दोन पायात, मग त्याच बुटात क्लास, मग ते शू-रॅकच्या बंद कप्प्यात. दुसऱ्या दिवशी सकाळी आतून ओलेच.

घरी आल्याबरोबर बुटाची जीभ ओढून, आतली सुटी पट्टी निघत असेल तर काढून, हवेशीर जागी ठेवा. वर्तमानपत्राचे बोळे आत कोंबा, रात्री बदला. रविवारी ऊन दाखवा. पीटीचे पांढरे बूट असतील तर एक दिवसाआड वापरता येतात का ते शाळेला विचारा, बुटाला पूर्ण वाळायला एक दिवस लागतो. मोजे रोज बदलायचे, ‘दोन दिवस चालतात’ हा हिशेब बंद. पावडर घालायची तर कोरड्या पायाला, चिमूटभर. ओल्या पायावर पावडर टाकली की बोटांच्या बेचक्यात तिचा चिखल होतो.

तपासा : तळव्याला उजेडात बघा. टाचेवर किंवा चवड्यावर टाचणीने टोचल्यासारखे बारीक खड्डे दिसले तर तो जिवाणूंचा संसर्ग असू शकतो. नुसतं धुवून तो जाणार नाही. त्वचेच्या डॉक्टरांकडच्या मलमाने सहसा लवकर बरा होतो.

टप्पा ९ : दप्तरात काय द्यायचं

एक जादा बनियन, मोज्यांचा एक जोड आणि छोटा कोरडा रुमाल, वेगळ्या कापडी पिशवीत. खेळाचा तास झाला की काख पुसायची, बनियन बदलायची, ओली बनियन त्याच पिशवीत परत आणायची आणि घरी आल्यावर पिशवी रिकामी करायची. शेवटचं लिहून द्यावं लागेल. पोरांच्या दप्तराच्या तळाशी काय काय सापडतं ते आई-बापांना ठाऊक आहे. शाळेत स्प्रे पाठवू नका. वर्गात तो एकाने मारला की चाळीस जण मारतात.

खाण्याबद्दल थोडंसं

याला मी टप्पा म्हणत नाही. कांदा, लसूण भरपूर खाल्ले तर श्वासाला आणि काहींच्या घामालाही वास येतो. मेथीचा वास घामात उतरतो हेही खरं. म्हणून वाढत्या मुलाची मेथीची भाजी बंद करायची गरज नाही. पाणी मात्र प्यायला हवं. शाळेतलं स्वच्छतागृह नकोसं वाटतं म्हणून कित्येक मुली दिवसभर पाणीच पीत नाहीत, आणि त्याचे त्रास वासापेक्षा मोठे असतात.

टप्पा १० : दोन आठवड्यांनी आढावा, आणि डॉक्टर कधी

सगळे टप्पे दोन आठवडे नीट केल्यावर टप्पा १ ची हुंगण्याची आणि इस्त्रीची परीक्षा पुन्हा करा. बहुतेकांचं काम इथे झालेलं असतं. झालं नसेल तर कोणता टप्पा गळतोय ते शोधा. माझा अंदाज विचाराल तर कोरडं होणं किंवा बूट.

या गोष्टी दिसल्या तर घरगुती उपायांत वेळ घालवू नका:

- मुलीला ८ वर्षांच्या आधी किंवा मुलाला ९ वर्षांच्या आधी मोठ्यांसारखा घामाचा वास, काखेत केस: बालरोगतज्ज्ञांना दाखवा.
- वही ओली होईल इतका तळहाताला घाम, किंवा दिवसातून दोन-तीन शर्ट भिजणं: यावर चांगले उपचार आहेत, सोसायची गरज नाही.
- घामाबरोबर वजन उतरणं, छातीत धडधड, हात थरथरणं.
- रात्री अंथरूण भिजवणारा घाम, सोबत बारीक ताप किंवा रेंगाळलेला खोकला.
- वारंवार तहान, वारंवार लघवी आणि श्वासाला पिकलेल्या फळासारखा गोडसर वास: हे मधुमेहाचं लक्षण असू शकतं, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. उलट्या किंवा गुंगी असेल तर थेट रुग्णालय.
- माशासारखा वास, जो कितीही धुतलं तरी जात नाही.
- मुलींमध्ये दुर्गंधी असलेला, रंग बदललेला स्राव किंवा खाज.
- काखेत पुन्हा पुन्हा दुखऱ्या गाठी, पू.

जांघेत किंवा काखेत गोल, खाजरे, कडेला लालसर चट्टे असतील तर ते बहुधा गजकर्ण. इथे आपल्याकडे सर्रास होणारी चूक म्हणजे मेडिकलमध्ये जाऊन ‘खाजेचं मलम द्या’ म्हणणं. अशा कित्येक ट्यूबमध्ये स्टेरॉइड मिसळलेलं असतं. खाज दोन दिवसांत थांबते, बुरशी आत पसरत राहते, कातडी पातळ होऊन कायमच्या रेघा उमटतात आणि नंतर बुरशी खऱ्या औषधालाही दाद देत नाही. शेजारच्यांची उरलेली ट्यूब तर नकोच.

त्वचेच्या डॉक्टरांकडे जाताना आतापर्यंत लावलेल्या प्रत्येक गोष्टीची डबी किंवा तिचा फोटो सोबत न्या. त्या दिवशी काखेत, जांघेत काहीही लावू नका, पावडरसुद्धा नाही. आणि तपासणीच्या वेळी मुलाला किंवा मुलीला दोन मिनिटं डॉक्टरांशी एकट्याने बोलायचं आहे का, ते आत जाण्याआधीच विचारून ठेवा.